कायद्यात शब्द असावा लागतो!



ईदच्या दिवशी कामावर आले नाहीत म्हणून इंग्लंडमधल्या एका कारखान्यात १९९२ साली मुस्लिम कामगारांवर शिस्तभंगाची कारवाई झाली. कामगारांनी दाद मागितली. पुढे अपील न्यायाधिकरणाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. पण कशाच्या आधारे? मुस्लिम म्हणून त्यांना संरक्षण नाही. मात्र ते बहुतेक आशियाई वंशाचे, म्हणून हा अप्रत्यक्ष वंशभेद ठरतो!

असे का व्हावे? ब्रिटनच्या १९७६ च्या कायद्यात रंग, वंश, राष्ट्रीयत्व, वांशिक मूळ हे शब्द होते. धर्म हा शब्द नव्हता. पगडीमुळे शाळाप्रवेश नाकारलेल्या शीख मुलाला १९८३ साली न्याय मिळाला, कारण शीख हा वांशिक समूह मानला गेला. मुस्लिम अनेक वंशांचे, ते या व्याख्येत बसेनात. इस्लाम स्वीकारलेल्या गोऱ्या इंग्रजाला त्यावरून नोकरी नाकारली, तर त्याला दादच नव्हती.

हे लोक तिथे घाम गाळायला गेले होते. मंगला धरणात मीरपूर भागातील गावे बुडाली, तेव्हा १९६० च्या दशकात अनेकजण ब्रिटनला गेले. ब्रॅडफर्डच्या कापडगिरण्यांत त्यांनी रातपाळ्या केल्या. तरीही नोकरीतील धर्मभेदाला कायद्याने बंदी व्हायला २००३ साल उजाडले. कायद्याने द्वेष संपला असे नाही. पण न्यायालयाचे दार तरी उघडले.

यात आपल्याला शिकण्यासारखे काय? ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात जातीचा समावेश करण्याची तरतूद होती. २०१३ साली तिथल्या संसदेने सरकारवर तसे बंधनही घातले. २०१८ साली सरकारने माघार घेतली. न्यायालयांचे निकाल पुरेसे आहेत, असे सांगितले. म्हणजे तिथल्या आपल्या बांधवांना जातीचा छळ आजही 'वांशिक मूळ' या शब्दाच्या आडोशाने सिद्ध करावा लागतो. कालपर्यंत मुस्लिम कामगार उभा होता, तिथेच आज आपला माणूस उभा आहे. मग त्यांचा लढा आपल्याला परका कसा?

आपल्या संविधानाच्या कलम १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान हे पाचही शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. त्यांची किंमत किती, हे ब्रिटनकडे पाहिले की कळते. माताभगिनींनो, या रविवारी ते कलम मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. प्रत्येक शब्द कोणाच्या रक्षणासाठी आहे, तेही त्यांना विचारा.