पाऱ्याने हललेले दात आणि ‘त्या काळी ठाऊक नव्हते’ ही सबब

१/ १८५३ च्या तहाने निजामाच्या राज्यातील नळदुर्ग, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याचा परिसर, इंग्रजांच्या कारभाराखाली आला. फिलिप मेडोज टेलर यांनी तो सांभाळला आणि १८६० मध्ये तो निजामाकडे परतला. या सात वर्षांच्या चर्चेत किल्ला येतो, महसूल येतो. इंग्रजांची औषधपेटी क्वचितच येते.

२/ त्या काळच्या औषधपेटीत कॅलोमेल, म्हणजे पारा आणि क्लोरीन यांचे संयुग, हमखास असे. ताप, हगवण, पटकी या सर्वांवर ते दिले जाई. मद्रासचे डॉक्टर जेम्स ॲनेस्ली तर एका वेळी २० ग्रेन, म्हणजे सुमारे १.३ ग्रॅम मात्रेचे पुरस्कर्ते होते.

३/ अशा मात्रांची खूण तोंडात उमटे. प्रथम जिभेवर धातूची चव, मग सुजलेल्या, रक्ताळलेल्या हिरड्या, दुर्गंधी आणि अखंड गळणारी लाळ. पुढे तोंडात व्रण पडत, दात हलून गळत. काहींच्या जबड्याचे हाडही सडे.

४/ या लक्षणांना अनेक डॉक्टर विषबाधा म्हणत नसत. हिरड्या दुखू लागल्या आणि लाळ सुटली, म्हणजे औषध ‘लागू पडले’ असा त्यांचा निष्कर्ष असे. रोग्याचे तोंड येणे हेच उपचाराचे यश ठरले.

५/ ‘त्या काळी ठाऊक नव्हते’ ही सबब येथे टिकत नाही. १६व्या शतकातील ‘भावप्रकाशा’त भावमिश्राने फिरंग रोगावर रसकापूर, म्हणजे पाऱ्याचेच क्लोराइड, सांगितला, पण त्याने तोंड सुजते हे जाणून, तो गव्हाच्या पिठात गुंडाळून, दातांना न लागता गिळावा असेही बजावले.

६/ यावर ‘आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते’ असा जयघोष करणाऱ्यांनीही थांबावे. दात वाचवण्याचा हा उपाय अपुरा होता. गिळलेला पारा रक्तात मिसळतो आणि लाळेतून पुन्हा हिरड्यांपर्यंत येतो. भावमिश्राचे निरीक्षण खरे होते. त्याचा उपाय मात्र विषाची वाट अडवू शकत नव्हता.

७/ १८६३ मध्ये अमेरिकी सैन्याचे सर्जन जनरल विल्यम हॅमंड यांनी कॅलोमेल औषधसाठ्यातून काढले, तेव्हा डॉक्टरच खवळले. ब्रिटनमध्ये तर बाळांना दात येतानाच्या पुडीत ते १९५० च्या दशकापर्यंत होते. ज्या हिरड्या शांत करण्यासाठी पुडी दिली, त्याच सुजत आणि बाळांचे दात गळत. पुड्या बंद झाल्या आणि हातपाय गुलाबी पडणारा तो आजार जवळपास नाहीसा झाला.

८/ म्हणून वैद्यकाचा इतिहास वैद्य श्रेष्ठ की डॉक्टर, या आखाड्यात लढवणे व्यर्थ आहे. दोघांच्याही हाती पारा होता आणि दोघांनाही सुजलेल्या हिरड्या दिसत होत्या. पुरावा रोग्याच्या तोंडात होता. ‘शुद्ध केलेला पारा बाधत नाही’ असे आज कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याला ग्रंथाचे वय विचारू नये. रोग्याच्या हिरड्यांचे काय झाले, ते विचारावे.