लाल निशाण आणि पोहणाऱ्याचा अहंकार

‘पट्टीचा पोहणाराच बुडतो’ असे आपल्याकडे म्हणतात. या म्हणीत पोहण्याची निंदा नाही. पोहता येण्याच्या गर्वाला दिलेला तो इशारा आहे. हा इशारा किती खरा आहे हे ज्याला पाहायचे असेल, त्याने भूमध्य समुद्रातील क्रीट या ग्रीक बेटाकडे पाहावे.

सुमारे २६० किलोमीटर लांबीचे हे बेट. तिथल्या समुद्राला भरती-ओहोटी अगदी थोडी. उन्हाळ्यात आकाश निरभ्र आणि पाणी निळेशार. अशा पाण्याचे भय कसले, असे कोणालाही वाटेल. ढग दाटून आले म्हणजेच समुद्र खवळायचा, अशी आपली समजूत! परंतु जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावरून येणारा ‘मेल्तेमी’ हा उत्तरेचा वारा भर उन्हातच जोर धरतो.

उत्तर किनाऱ्यावर तो मोठमोठ्या लाटा आणून आपटतो. काठावर साचलेले पाणी मग एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने आत परतते. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात. म्हणून नवख्याला नेमकी तीच जागा शांत वाटते! दक्षिणेस तोच वारा डोंगर उतरून समुद्राकडे झेपावतो. तिथे काठाचे पाणी सपाट दिसते, पण हवा भरलेल्या गादीवर पहुडलेला माणूस पाहता पाहता दूर वाहून जातो.

मित्रहो, विहिरीत सूर मारणाऱ्याला किंवा मार्कंडेय नदी पोहून जाणाऱ्याला यातले काय ठाऊक असते? पोहणे हातापायांना येते. समुद्र डोळ्यांनी शिकावा लागतो. ओढीत सापडलेला बलदंड तरुण सरळ किनाऱ्याकडे हात मारीत राहतो, दमतो आणि बुडतो. अशा वेळी न घाबरता तरंगावे, हात वर करून मदत मागावी आणि अंगात बळ असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्याबाहेर पडावे. गादी एकटीच वाहत गेली तर तिच्यामागे जाऊ नये.

क्रीटच्या गर्दीच्या किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात. हिरवे, पिवळे, लाल निशाण लावले जाते. लाल निशाण पाहून ‘आम्हांला कोण अडवणार?’ म्हणणारे तिथेही आहेत आणि आपल्या सहलीबरोबर गोव्याला जाणाऱ्यांतही आहेत. त्यांना मी धाडसी म्हणणार नाही. कारण त्यांना वाचवायला जो पाण्यात उतरतो, त्याचाही जीव पणाला लागतो. स्वतःच्या हौसेसाठी दुसऱ्याचा जीव गहाण टाकणे हे कसले शौर्य?

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की जीवरक्षक नसेल किंवा लाल निशाण असेल, तर सहलीतील कोणीही पाण्यात उतरू नये, असा नियम प्रत्येक महाविद्यालयाने करावा; आणि तो प्राध्यापकांनाही लागू असावा. संकटकाळी ग्रीसमध्ये आणि भारतातही ११२ हाच क्रमांक फिरवायचा, हेही सर्वांना पाठ असावे.

बापाचा इशारा न मानता उंच उडालेल्या आणि समुद्रात पडलेल्या इकॅरसची कथा याच क्रीटची. त्याला उडता येत नव्हते असे नाही. त्याला थांबता आले नाही.