अंगठ्याने फोम निवडू नका

घरी विमान बांधणाऱ्यांच्या गप्पा ऐकाव्यात. इंजिन कोणतं, प्रॉपेलर लाकडी की धातूचा, रंग कुठला, यावर माणसं रात्र रात्र वाद घालतील. सीटच्या गादीचा विषय निघाला की मात्र सगळे एकदम समंजस होतात. ‘ते बघू की शेवटी.’ आणि शेवटी म्हणजे कधी, तर वर्षानुवर्षांच्या कामानंतर पैसा आणि दम दोन्ही संपत आले की. मग गडी फोमच्या दुकानात जातो, तुकडा अंगठ्याने दाबून पाहतो आणि मऊ लागला की घेऊन येतो. विमानाच्या सीटसाठी फोम निवडायचं याहून वाईट साधन मला तरी माहीत नाही.

ही मंडळी सर्वांत जास्त अमेरिकेत आहेत. तिथे निम्म्याहून अधिक काम हौसेखातर स्वतः केलेलं असेल, तर विमानाची नोंद ‘एक्सपरिमेंटल’ वर्गात होते. एकट्या ऑरेगनच्या व्हॅन्स एअरक्राफ्टच्या किटमधून घडलेली दहा हजारांवर विमानं आजवर उडाली आहेत. आपल्याकडे ही वाट अजून पायवाटच आहे. अमोल यादव यांनी कांदिवलीत, चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. त्याला २०१७ साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची (डीजीसीए) नोंदणी मिळाली, तेव्हा कुठे ही पायवाट दिसू लागली.

कारखान्यात बनणाऱ्या छोट्या विमानांच्या सीटसाठी अमेरिकेत १९८८ पासून कडक नियम आहे. नव्या रचनेची सीट पुतळा बसवून जोरात आपटून पाहतात. खालच्या दिशेच्या आपटीत वैमानिकाच्या सीटला गुरुत्वाकर्षणाच्या १९ पट झटका देतात आणि त्या वेळी पुतळ्याच्या कमरेच्या मणक्यावर १५०० पौंडांहून, म्हणजे सुमारे ६८० किलोंहून, जास्त भार येता कामा नये. गादी बदलली तर निकालही बदलतो, म्हणून गादी त्या चाचणीचाच भाग असते. घरगुती विमानाला यातलं काही लागू नाही. कायद्याने सूट दिली आहे. मणक्याने दिलेली नाही.

आता मऊ फोमचं नेमकं काय चुकतं ते पाहू. उतरताना वेग फार कमी झाला, पंखांची उचल गेली आणि विमान दोन-तीन पुरुष उंचीवरून सपाट खाली आदळलं, असं धरा. सीटचा पत्रा जमिनीबरोबर थांबू लागतो. फोमवर बसलेलं अंग मात्र थांबत नाही, कारण फोम अजून अडवतच नसतो, नुसता चेपत असतो. सेकंदाच्या काही शतांश भागात फोमची पोळी होते. पत्रा तोवर थांबलेला असतो आणि आपण जुन्याच वेगाने त्याच्यावर जाऊन आपटतो. म्हणजे उघड्या फळीवर बसलो असतो तर लागला असता, त्याहून मोठा दणका कण्याला बसू शकतो. लढाऊ विमानांच्या इजेक्शन सीटवर काम करणाऱ्यांना हे फार आधी कळलं होतं. त्या सीटवरची गादी पातळ आणि घट्ट असते ती त्यामुळेच. वैमानिकांचा छळ करायची कुणाला हौस नव्हती.

मग फळीवरच बसायचं का? नाही. १९६६ साली नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी विमानाच्या सीटवर काम करताना चार्ल्स योस्ट या अभियंत्याने एक वेगळाच फोम तयार केला. हळू दाबला की तो वाट देतो, अचानक ठोसा मारला की घट्ट होतो. कारण त्याच्या पेशींतून हवेला झटकन बाहेर पडता येत नाही आणि खुद्द पॉलिमरही सावकाशच ताणलं जातं. आज पुण्या-नाशकात दुकानोदुकानी मिळणारी मेमरी फोमची उशी ही याच घराण्यातली. पण उशी कापून सीटमध्ये घालायचा विचार मनात आला असेल तर तो तिथेच सोडा. ती झोपणाऱ्याच्या डोक्याचा भार धरून बनवलेली असते, बसणाऱ्याच्या कमरेचा नव्हे.

आपल्या बाजारात आणखी एक गोंधळ आहे. दुकानदार ‘बत्तीसची’, ‘चाळीसची’ डेन्सिटी सांगतो आणि गिऱ्हाईक तो आकडा कडकपणाचा समजतो. हा आकडा घनमीटरमागे किती किलो एवढंच सांगतो. एकाच डेन्सिटीचे दोन फोम, एक लोण्यासारखा आणि एक दगडासारखा, सहज असू शकतात. विमानासाठीचा हळू उसळणारा फोम घनमीटरमागे नव्वद-पंचाण्णव किलोंच्या घरात जातो. दीड फूट लांब-रुंद आणि चार इंच जाड बैठक घेतली तर दोन किलो भरते, तेवढीच बत्तीसची गादी पाऊण किलोच्या आत राहते. वजन वाचवायला पत्र्याला भोकं पाडत बसणारा माणूस इथे कच खातो. खाऊ नये. सव्वा किलो वाचवायच्या जागा विमानात इतर बऱ्याच आहेत.

या कामासाठी अमेरिकेत सर्रास वापरला जाणारा, असाच हळू उसळणारा कॉन्फॉर फोम रंगावरून ओळखतात: पिवळा सर्वांत मऊ, मग गुलाबी, निळा आणि सर्वांत घट्ट हिरवा. जाणते लोक थर लावतात. तळाला घट्ट, मध्ये मध्यम, वर इंचभर मऊ. वरचा थर बूड सांभाळतो, खालचा कणा. कापडही थोडं ताणलं जाणारं हवं, नाहीतर फोम महागाचा आणि बसणारा खाटेवर बसल्यासारखा कापडावर लोंबकळलेला.

या फोमची एक खोड आहे. थंडीत तो लाकूड होतो. मिनेसोटातल्या जानेवारीत अंगाच्या उबेने सैल पडेपर्यंत फळीवर बसल्यासारखंच वाटतं. आपल्याकडे दुखणं उलटं. मे महिन्यात धुळे किंवा बारामतीच्या धावपट्टीवर काचेच्या छताखाली तापत पडलेल्या विमानात तोच फोम ढिला पडणार. अमेरिकेतल्या थंड गावच्या माणसाने सुचवलेले थर इथे डोळे झाकून उचलू नयेत. तळाचा घट्ट थर जाड ठेवावा.

आगीचं थोडक्यात. साधा पॉलियुरेथेन फोम जळताना कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही सोडतो. फोम, गोंद आणि वरचं कापड असा जोडलेला पट्टा उभा धरून खालून बारा सेकंद ज्योत लावावी. ज्योत काढल्यावर पंधरा सेकंदांत विझला नाही किंवा आठ इंचांहून जास्त जळला, तर तो सीटमध्ये नको. फोम ‘अग्निरोधक’ असल्याचं विक्रेता सांगत असला, तरी वरचं नायलॉन आणि मधला गोंद त्याने पाहिलेला नसतो. ही परीक्षा उघड्यावर, बादलीभर पाणी शेजारी ठेवून करावी, घरात नव्हे.

गादीची जाडी विमानातल्या इतर गोष्टींच्याही मुळावर येते. इंचभर वाढली की डोकं छताला टेकतं, नजरेची रेषा बदलते, आणि पुढची कड मांड्यांमधल्या कंट्रोल स्टिकला अडली तर स्टिक पूर्ण मागे येत नाही. आदळल्यावर गादी जेवढी चेपते तेवढा कमरेचा पट्टा सैल होतो आणि अंग त्याच्याखालून पुढे घसरतं. म्हणून ‘ते बघू शेवटी’ हे वाक्य मला धोक्याचं वाटतं.

बांधायला घेतलेल्यांना विनंती आहे. सांगाडा उभा राहण्याआधीच फोमचे तुकडे मागवा. सीटच्या कोनातच प्लायवूड टेकवून त्यावर थर रचा आणि टीव्हीसमोर दोन तास बसा. दहा मिनिटांत कुठलाही फोम छान वाटतो. बुडाची हाडं आणि मांडीखालची कड बोलू लागतात ती तासानंतर. थर पक्के झाले की मग डोक्यावरची जागा मोजा, आणि पट्ट्यांच्या बोल्टची भोकं त्यानंतरच पाडा.