बाजारातला भाव

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. उशिरा उठल्यामुळे न्याहारी आणि जेवण एकाच बैठकीत उरकलेले: पातळ भाजी, पाव, मिरचीची भजी. मग निरुद्देश भटकणे. मयड्याची केळी मांडून बसलेल्या एका बाईंचे छायाचित्र घेऊ लागलो, तेव्हा त्या म्हणाल्या, “पयलीं केळीं घे, मागीर फोटो.”

या वाक्याने आपल्या प्रवासवर्णनांचे वर्म उघडे पडते, असे मला वाटते. रंग, गंध, चव यांची आपण रेलचेल करतो. भावना असतात, भाव नसतो. जणू विक्रेती हाही निसर्गदृश्याचाच भाग! या केळ्यांना आणि हरमलच्या मिरचीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मालाला कायद्याने नाव लाभले. पण विकणारी पहाटे कुठून निघते, उरलेल्या मालाचे काय करते, हे ना मानांकनात येते, ना आपल्या लेखनात.

मी डझनभर केळी घेतली. भाव विचारला, थोडी घासाघीस झाली आणि त्यातूनच बोलणे सुरू झाले. छायाचित्र राहूनच गेले. व्यवहाराला अरसिक मानून टाळणारे लेखन अखेर माणसालाही टाळते. म्हापसा या नावाच्या मुळाशी ‘माप’ आहे, असे सांगतात. प्रवासवर्णन लिहिणाऱ्याने तरी ते विसरू नये.