बडग्या ट्रम्पचा, झळ कुहीच्या कापसाला

कुही (जि. नागपूर) : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीत २०२५ साली अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांचाही बडग्या होता. भारतीय मालावर लादलेल्या वाढीव आयातशुल्काचा राग नागपूरकरांनी आपल्या जुन्या रीतीने काढला. मात्र तेथून सुमारे ४० किलोमीटरवरील कुही तालुक्यातील कापूस उत्पादकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आदेश त्याआधी पाच दिवस निघाला होता, आणि तोही वॉशिंग्टनमधून नव्हे, दिल्लीतून. परदेशी कापसावरील ११ टक्के आयातशुल्क केंद्र सरकारने १८ ऑगस्टला माफ केले. सुरुवातीला ही सूट ३० सप्टेंबरपर्यंत होती. दहाच दिवसांत ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली.

त्या वेळी पऱ्हाटी पाती-फुलांवर होती. पहिला वेचा दसरा-दिवाळीच्या सुमारास घरात येतो. म्हणजे मूळ सूट पीक बाजारात येण्यापूर्वी संपणारी होती, तर वाढीव मुदतीने विक्रीचे पहिले, सर्वांत गर्दीचे महिने झाकून टाकले.

या निर्णयामागची साखळी लांबची आहे. अमेरिकेने भारतीय मालावर ७ ऑगस्ट २०२५ पासून २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के शुल्क लागू केले. दुसऱ्या २५ टक्क्यांचे जाहीर कारण होते भारताची रशियन तेलाची खरेदी. युक्रेन युद्धापूर्वी भारताच्या तेल आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्याही आत होता. युद्धानंतर सवलतीच्या दरामुळे तो एक तृतीयांशापलीकडे गेला. मॉस्कोची आवक रोखण्यासाठी दिल्लीवर दबाव, त्या दबावाने कपड्यांची निर्यात अडचणीत, आणि निर्यातदारांना स्वस्त रुई मिळावी म्हणून कापसावरील शुल्क माफ. रशियन तेलाचा एकही करार न केलेला आणि अमेरिकेला एकही सदरा न विकलेला शेतकरी या साखळीच्या शेवटच्या कडीला बांधला गेला.

गिरण्यांची बाजू खोटी नव्हती. वस्त्रोद्योग शेतीखालोखाल रोजगार देतो; बांगलादेश व व्हिएतनामच्या मालावर त्या वेळी २० टक्के शुल्क असताना ५० टक्क्यांचा भार घेऊन स्पर्धा करणे अशक्यप्राय होते. प्रश्न एवढाच की, या ढालीची किंमत कोणी मोजायची. निर्यातदारांसाठी केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये २५ हजार ६० कोटी रुपयांची निर्यात प्रोत्साहन मोहीम मंजूर केली. तो खर्च तिजोरीतून होणार आहे. कापसावरील शुल्कमाफीला मात्र उत्पादकासाठी कोणतीही भरपाई जोडलेली नव्हती. हमीभाव होता, असे उत्तर दिले जाते. मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल हा भाव कागदावर चांगलाच होता. परंतु तो पदरात पाडायचा तर ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी, सीसीआयच्या केंद्रावर रांग आणि १२ टक्क्यांच्या आत ओलावा, या अटी आल्या. पावसाने भिजलेला कापूस या शेवटच्या अटीत बसत नाही. मग तो खेडा खरेदीतल्या व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो, आणि तिथे हमीभावाचा फलक नसतो.

तालुक्यातील धान उत्पादकाने हा खेळ दोन वर्षे आधी पाहिला आहे. जगाच्या तांदूळ व्यापारात भारताचा वाटा सुमारे ४० टक्के. २० जुलै २०२३ रोजी बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली आणि २८ सप्टेंबर २०२४ पर्यंत बंद राहिली. उद्देश देशातील महागाई रोखण्याचा होता. तथापि, याच काळात भूतान, मॉरिशस, सिंगापूर अशा देशांना सरकार पातळीवर ठरावीक कोटा दिला जात होता. तांदूळ हे राजनैतिक साधन झाले होते. तेथे निदान राज्य सरकारने धान उत्पादकांना २०२३-२४ च्या हंगामासाठी हेक्टरी २० हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, प्रोत्साहनपर रक्कम दिली.

पेरणीच्या टोकाला चित्र वेगळे नाही. पोटॅशसाठी देश जवळजवळ पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे, आणि बेलारूस या मोठ्या पुरवठादारावर पाश्चात्त्य निर्बंध आले. चीनने ऑक्टोबर २०२१ पासून खतांच्या निर्यातीवर तपासणीचे बंधन घातले. २०२५ च्या खरिपात डीएपीची चणचण भासली ती त्यातूनच. सौदी अरेबियाशी जुलै २०२५ मध्ये वर्षाला ३१ लाख टन डीएपीचा पाच वर्षांचा करार झाला, हे त्यावरचे खरेखुरे आर्थिक सुरक्षेचे पाऊल म्हणता येईल. तोवर कृषी सेवा केंद्रात डीएपीच्या गोणीसोबत नको असलेले दुसरे खत गळ्यात मारण्याचे ‘लिंकिंग’ चालू असतेच. बीजिंगच्या नाकाबंदीचे हे शेवटचे रूप.

विदर्भाला हे नवे नाही. अमेरिकी यादवी युद्धात (१८६१-६५) उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाड-हिंगणघाटच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला. युद्ध संपताच तो कोसळला. चढत्या भावावर कर्ज काढलेल्यांचे पुढे काय झाले, हे वेगळे सांगायला नको. फरक इतकाच की, तेव्हा निर्णय घेणारे सरकार परके होते.

२०२५ ची शुल्कमाफी ३१ डिसेंबरला संपली. पुढचे वेचे जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत चालतात आणि ज्यांना माल घरात ठेवणे परवडते ते भावाची वाट पाहू शकतात. ज्यांच्या नावावर कृषी सेवा केंद्राची उधारी असते, त्यांचा कापूस मात्र दिवाळीच्या आसपासच काट्यावर चढलेला असतो.