उमेदवाराची प्रार्थना पाहावी की कारभार?

अमेरिकेत निवडणूक आली की उमेदवाराच्या धोरणांबरोबर त्याच्या ख्रिस्तनिष्ठेचीही झडती सुरू होते. तो चर्चमध्ये जातो का, बायबलवर त्याची श्रद्धा आहे का, हे उघडपणे विचारले जाते. वास्तविक त्या देशाच्या संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदाने सार्वजनिक पदासाठी धार्मिक कसोटी लावण्यास मनाई केली आहे. परंतु ही मनाई शासनाला आहे. मतदाराच्या मनातली कसोटी कोणताही कायदा पुसू शकत नाही. ती त्याने स्वतःच विवेकाने ठरवायची असते.

अलाबामा राज्याचे उदाहरण घेऊ. डिसेंबर २०१७ मध्ये तेथे सिनेटची पोटनिवडणूक झाली. रिपब्लिकन उमेदवार रॉय मूर हे राज्याचे माजी सरन्यायाधीश. त्यांनी न्यायालयाच्या इमारतीत बायबलमधील दहा आज्ञांची शिळा बसवली, ती हटविण्याचा फेडरल न्यायालयाचा आदेश धुडकावला आणि २००३ मध्ये पद गमावले. प्रचाराच्या काळात त्यांच्यावर अल्पवयीन मुलींशी गैरवर्तनाचे आरोप झाले. ते त्यांनी नाकारले. समोर होते डेमोक्रॅट डग जोन्स. तेही ख्रिस्तीच! १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या सोळाव्या रस्त्यावरील बाप्टिस्ट चर्चमध्ये कू क्लक्स क्लॅनच्या लोकांनी बॉम्ब ठेवून चार कृष्णवर्णीय मुलींचा बळी घेतला होता. त्यातील दोन आरोपींना जवळपास चाळीस वर्षांनी, २००१ आणि २००२ मध्ये, शिक्षा मिळवून देणारे सरकारी वकील हेच जोन्स.

मतदानोत्तर पाहणीनुसार गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी सुमारे ८० टक्के मूर यांच्या बाजूने गेले. कृष्णवर्णीयांची ९५ टक्क्यांहून अधिक मते जोन्स यांना मिळाली आणि ते सुमारे २२ हजार मतांनी निवडून आले. हे कृष्णवर्णीय मतदार काय नास्तिक होते? मुळीच नाही! चर्च हाच त्यांच्या चळवळीचा पाया राहिला आहे. बायबल दोन्हीकडे एकच होते. एकाने ते दगडात कोरून मिरवले, दुसऱ्याने चर्चमध्ये मारल्या गेलेल्या मुलींना कोर्टात न्याय मिळवून दिला. मतदारांनी हा फरक ओळखला. पुढे २०२० मध्ये जोन्स हरले. पण त्यामुळे ती कसोटी खोटी ठरत नाही.

कोणी म्हणेल, श्रद्धेतूनच तर धोरण घडते, मग ती का पाहू नये? हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांचा लढा त्यांच्या धर्मश्रद्धेतूनच उभा राहिला. पण १९८० ची निवडणूक आठवावी. जिमी कार्टर हे चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकविणारे भाविक बाप्टिस्ट. तरीही जेरी फॉलवेल यांच्या 'मॉरल मेजॉरिटी'ने रेगन यांना बळ दिले. म्हणजे धर्माचा झेंडा घेणाऱ्यांनीही शेवटी धोरणच तोलले. मग साध्या मतदारालाच तेवढा श्रद्धेचा दाखला का दाखवावा?

आमच्या मते मतदाराने तीन प्रश्न विचारावेत. उमेदवाराच्या श्रद्धेतून कोणता कायदा आणि कोणता खर्च निघतो? त्याचा भार कोणावर पडतो? आणि जो त्याच्या धर्माचा नाही, त्याला तो समान नागरिक मानतो का? या प्रश्नांवर जो टिकेल त्याची प्रार्थना त्याची त्यालाच लखलाभ असो. जो टिकणार नाही, त्याच्या गळ्यातला क्रूस मोजून काय उपयोग?

भारतातही लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२३(३) धर्माच्या नावाने मत मागण्यास भ्रष्ट आचार ठरवते. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने त्याची व्याप्ती मतदाराच्या धर्मापर्यंत नेली. तरीही कायदा उमेदवाराचे तोंड बांधू शकतो, मतदाराचे डोळे उघडू शकत नाही. राजकारणातील भक्ती ही अधोगतीची आणि अंती हुकूमशाहीची वाट आहे, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. तो अलाबामालाही लागू आहे आणि आपल्यालाही.