पायांची अस्वस्थता : स्वभाव नव्हे, विकार



शीळफाट्याच्या चौकात सायंकाळी वाहनांची कोंडी झाली की मोटारीत अर्धा-पाऊण तास बसून राहणे भाग पडते. अशा वेळी आमच्या सौ. कासावीस होत. पोटऱ्यांत आतून काहीतरी सरपटते, पाय हलवल्यावाचून राहवत नाही, असे त्या सांगत. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तोच त्रास. मग उठून खोलीत येरझाऱ्या. सायंकाळच्या प्रतिक्रमणात आणि सामायिकाच्या ४८ मिनिटांतही त्यांना स्थिर बसता येईना. ‘मन एकाग्र नाही, म्हणून पाय स्थिर नाहीत,’ असे मी त्यांना अनेकदा सुनावले. हिशेब तपासण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने हा निष्कर्ष मात्र काहीच न तपासता काढला होता.

अखेर एका डॉक्टरांनी विकाराचे नाव सांगितले : ‘रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम’. इंग्रज वैद्य थॉमस विलिस यांनी १६७२ मध्ये त्याचे वर्णन केले होते. स्वीडनचे एकबोम यांनी १९४५ मध्ये त्याला हे नाव दिले. ओळखण्याच्या खुणा चार : पाय हलवण्याची अनावर ओढ, विश्रांतीत ती वाढणे, चालल्याने उतार पडणे आणि सायंकाळी-रात्री जोर होणे. पायांत गोळे येणे किंवा मधुमेहामुळे बधिरता येणे हे याहून निराळे.

हा विकार दुर्मीळ नाही. युरोप-अमेरिकेतील पाहण्यांत शंभर प्रौढांमागे ५ ते १० जणांत तो आढळतो. आशियात प्रमाण कमी. बंगळूर येथील २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ते शेकडा सुमारे २ होते. हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु पाचशे प्रौढांच्या गृहसंकुलात ही दहा माणसे झाली! स्त्रियांत तो पुरुषांच्या सुमारे दुप्पट आढळतो. वाढते वय, गर्भारपण, मूत्रपिंडाचे विकार आणि आनुवंशिकता यांचाही त्याच्याशी संबंध आहे.

एक महत्त्वाचे कारण म्हणजे शरीरातील लोहाची कमतरता. सौ.चे हिमोग्लोबिन ठीक होते, परंतु फेरिटिन फार कमी निघाले. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर हिमोग्लोबिन ही गल्ल्यातील रोकड आणि फेरिटिन ही तिजोरीतील शिल्लक. गल्ला भरलेला दिसला तरी तिजोरी रिकामी असू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शेकडा ५४ स्त्रियांना रक्तक्षय आहे. म्हणून ही तपासणी विसरू नये.

आपल्या आहारात मूग, मसूर, तीळ, राजगिरा यांतून लोह मिळते; सोबत लिंबू वा आवळा असल्यास ते अधिक शोषले जाते. जेवणालगत चहा-कॉफी मात्र टाळावी. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात, कारण अतिरिक्त लोहही घातक ठरते. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी आणि मानसिक विकारांवरील काही औषधांनी हा त्रास वाढतो, हेही डॉक्टरांच्या कानावर घालावे.

उपचारांनंतर काही महिन्यांत सौ.ची झोप पुष्कळ सुधारली. गेल्या संवत्सरीला मी सर्वप्रथम त्यांची क्षमा मागितली. आपल्या घरी रात्री कोणी येरझाऱ्या घालत असेल, तर रागावण्यापूर्वी एकदा विचारा : पायांना काय होते?